निळ्या कुंडातला हात

कापड कुंडातून वर निघालं तेव्हा पिवळं होतं, हळद टाकलेल्या ताकासारखं. हरिदास महाराजांनी ते दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर धरलं आणि चौकात दाटलेल्या माणसांच्या माना एकदम वर झाल्या. आधी कडा हिरव्या झाल्या. मग मधला भाग हिरवा झाला. कुणी फुंकर मारली नाही, कुणी रंग शिंपडला नाही, तरी ते कापड सगळ्यांच्या देखत निळं पडत गेलं. पुढच्या रांगेत एक धिप्पाड माणूस उभा होता, अंगात चिंचोळी एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट. तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. कापड त्याचं होतं.

"प्याला," महाराज म्हणाले. "देव तुजं इख प्याला. समुद्रमंथनातलं हलाहल ज्यानं घशात धरलं, त्याला तुजी मूळव्याध काय जड हाय?"

कुणी हसलं नाही. महाराजांच्या तोंडून आली की मूळव्याधसुद्धा पुराणातली वाटायची.

कसबे मोरगीतल्या त्या जुन्या घराच्या चौकात जमिनीत खोदलेली तीन दगडी कुंडं होती. दोन कोरडी, झेंडूनं भरलेली. तिसऱ्यात कोमट, हिरवट-पिवळं पाणी आणि वर तांबूस-निळा फेस. काठावर नवी कोरी पिंड बसवलेली, आणि भिंतींवर माणसाचा हात पोचेल तिथवर जुने निळे डाग. महाराजांचं म्हणणं असं, की हलाहल पिऊन नीलकंठ इथं मुक्कामाला थांबले आणि त्यांनी चूळ भरली, तेव्हापासून हा दगड निळा. पाण्यात हात घातला की झोंबायचं, तो देवाचा जाळ. बोटांना बुळबुळीत लागायचं, ते जटेतलं तूप. देवानं चूळ कुठं भरली आणि तूप कुठून आणलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

विधी साधा होता. महाराज आपल्या गादीखालून पांढऱ्या कापडाचा चौकोन काढून आपल्या हातानं द्यायचे. तो दुखऱ्या जागी लावायचा, मुठीत धरायचा आणि महाराजांचं स्तोत्र संपेपर्यंत मूठ कुंडात बुडवायची. मग महाराज कापड वाऱ्यावर धरायचे आणि शेजारच्या घंगाळातल्या साध्या पाण्यात खळबळायचे. रंग टिकला तर रोग गेला. रंग धुऊन गेला आणि कापड पांढरं निघालं, तर त्या माणसाच्या घरात पाप आहे किंवा त्याच्या पोटात डॉक्टरच्या गोळ्यांचं विष आहे. मग गोळ्या बंद करायच्या आणि पुन्हा यायचं.

उत्कर्षा खांबाला टेकून हे सगळं बघत होती आणि तिचं डोकं तापायला लागलं होतं. सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. पण इथं ती काही कुणाचा भंडाफोड करायला आली नव्हती. आली होती घर बघायला.

जुन्या घरांचं तिला वेड होतं. सुट्टी मिळाली की जिल्ह्यातलं कुठलं तरी गाव गाठायचं, गढी बघायची, वेशी बघायच्या, कुणाच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि घराची हकिकत काढून घ्यायची. शेजारच्या चांगुणाबाईंना हे ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी त्या दारात येऊन म्हणाल्या, मॅडम, मोरगी बघाया येता का, लई जुनी जुनी घरं हायत म्हनं. चांगुणाबाईंना जुन्या घरांचं प्रेम अचानक कुठून फुटलं, याचं उत्कर्षाला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. बरोबर त्यांची रेश्मा. ती उत्कर्षाच्याच हाताखाली शिकलेली, आता एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. पोरगी हसरी, बोलकी. त्या दिवशी मात्र भर उन्हात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून गप्प बसली होती. हातावर कोडाचा डाग आलाय, लोक बघत्यात म्हणून झाकलाय, असं चांगुणाबाईंनी गाडीत हळूच सांगितलं.

गाडीवर 'मोरगी दर्शन' असा फलक होता आणि नवनाथ नावाचा एक तरुण माईक घेऊन माहिती सांगायचा. गढी त्यानं खिडकीतूनच दाखवली. ती कुणी बांधली असं उत्कर्षानं विचारलं, तर म्हणाला, जुन्या लोकांनी. बारवेपाशी गाडी थांबली, पण खाली उतरू नका, वेळ नाही. इंग्रजांच्या वेळचा मुसाफिरी बंगला डावीकडून कधी सरला ते कळलंही नाही. उत्कर्षा चिडून आजूबाजूला बघायला लागली आणि तिच्या ध्यानात आलं, की गाडीत तिच्याखेरीज कुणीच गढीकडं बघत नव्हतं. कुणाचे पाय सुजलेले, कुणी ओढणीनं तोंड झाकलेलं, कुणाच्या मांडीवर एक्सरेचं पाकीट. सगळेच 'गाव बघायला' निघाले होते. दुखणं लपवायचं असेल तर यासारखी सोयीची थाप नाही. भावकीत सांगता येतं, गल्लीत सांगता येतं, आणि कुणी खोदून विचारत नाही.

पण राग खरा पेटला तो या घराच्या उंबऱ्यात. आत पाऊल टाकताच तिला वास आला. नुकत्याच विझलेल्या काडीचा आणि नासक्या अंड्याचा मिळून यावा तसा वास. तिचे वडील जन्मभर डाइंगमध्ये, सूत रंगवायच्या कारखान्यात, कामाला होते. त्यांची नखं निळी होती ती सरणावर जाईपर्यंत निळीच राहिली, आणि रोज संध्याकाळी हाच वास त्यांच्या शर्टाला चिकटून घरात यायचा. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

मग तिनं घर नीट बघितलं. कुंडांपासून परसाकडं गेलेली दगडी मोरी. परसात ओळीनं रोवलेले भोकांचे दगड, बांबू अडकवून ओली कापडं वाळत घालायचे. भिंतींवरचे डाग देवाच्या चुळीचे नव्हते, ओली कापडं पिळताना उडालेले होते. हे निळाऱ्यांचं घर होतं. या कुंडांत, म्हणजे रंगाच्या नांदींत, चुना, गूळ, टाकळ्याच्या बिया घालून नीळ आंबवली जायची आणि पंचक्रोशीतल्या बायकांची लुगडी इथं रंगायची. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी दंडापर्यंत हात निळे करून घेतले, त्यांचं नाव गावात कुणाला सांगता येत नव्हतं. त्यांच्या कामाच्या नांदीवर पिंड बसवून एक बुवा मजेत देवाची चूळ विकत होता. मोरगीत बघण्यासारखं, अभिमान धरण्यासारखं जे होतं, तेच यानं चोरलं होतं.

तरी ती अजून गप्प होती. भोंदू उघडा पाडायचा तर नुसतं ओरडून चालत नाही, हे तिला माहीत होतं. कुठं धरावं याचा विचार ती करत होती, तेवढ्यात बजाबाईंचं कापड पांढरं निघालं.

बजाबाई सांगोल्याकडच्या. डाळिंबाच्या बागेत मजुरी करणारी म्हातारी, आली होती झटके येणाऱ्या मुलासाठी, त्याच्या नावानं स्वतःचा हात बुडवायला. कापड वाऱ्यावर निळसर झालं, घंगाळात खळबळलं आणि रंग पाण्यात उतरून गेला. महाराजांनी ते पांढरं फडकं तिच्यापुढं टाकलं आणि घरात कोण नवीन आलंय ते विचारलं. सून आली, म्हातारी म्हणाली. मग बघ तुजं तूच, महाराज म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडं वळले. दोन शब्दांत त्यांनी एका घरात आग लावून दिली होती. म्हातारी फडकं हातात घेऊन खांबापाशी येऊन बसली आणि डोळे पुसत राहिली.

आणि महाराजांनी हाक मारली, "ये पोरी, तिसरी खेप न्हवं तुजी?"

रेश्मा उठली. उत्कर्षा चमकून चांगुणाबाईंकडं बघायला लागली, पण त्या डोळे मिटून हात जोडून बसल्या होत्या. रेश्मानं उजवी बाही वर सारली. मनगटाच्या वर फिकट, तांबूस कडेचा चट्टा होता. तिनं कापड चट्ट्याला लावलं, मुठीत धरलं आणि हात कुंडात घातला.

आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी हात घातला, ते सगळे स्तोत्राच्या पहिल्या कडव्याला तोंड वाकडं करत होते आणि दुसऱ्याला हात खेचून घेत होते. रेश्माचा चेहरा हललासुद्धा नाही. महाराजांचं दोन कडव्यांचं स्तोत्र झालं, तरी हात आतच. महाराज थांबले. त्यांनाही हे नवीन असावं.

"जाळ लागतो का गं?"

"न्हाय."

"थोडाबी न्हाय?"

"कायच लागंना."

अशा माणसाला संधी सांगावी लागत नाही. महाराजांनी दोन्ही हात वर केले. हिला जाळ लागत नाही, देवानं हा हात आपला म्हटला, असं पोर लाखात एक. माणसं पुढं सरकली, घोष सुरू झाला, बायका रेश्माच्या पाया पडायला वाकल्या. आणि महाराजांनी स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी संथ, आळवून आळवून. हात त्या पाण्यातच होता.

डाइंगच्या पाण्यात कॉस्टिक सोडा असतो, हे उत्कर्षाला ठाऊक होतं. कॉस्टिक सोडा हात ओळखत नाही, भक्तही ओळखत नाही. तो सगळ्यांना सारखाच भाजतो. ज्याला भाजलेलं कळत नाही, त्याच्या हाताला काहीतरी झालेलं असतं. फिकट चट्टा, तिथं बधिरपणा: दरवर्षी आरोग्य खात्याचे लोक शाळेत येऊन जे तक्ते लावतात, त्यातलं हे पहिलं वाक्य, आणि तिनं ते शंभर वेळा वर्गात वाचून दाखवलं होतं. हे कोड नव्हतं.

ती गर्दीत घुसेपर्यंत कापड वर निघालं होतं, पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं निळं. घंगाळात खळबळलं तरी रंग पक्का. चांगुणाबाई ओक्साबोक्शी रडत पुढं आल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि कुंडाच्या पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकली. टोपली आधीच भरत आली होती. साखरेच्या, रक्तदाबाच्या, झटक्यांच्या, कसकसल्या गोळ्या. उत्कर्षानं चांगुणाबाईंचं पाकीट उचललं आणि त्यावरचं छापील नाव वाचलं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी, कुष्ठरोगाची औषधं. दोन महिन्यांच्या गोळ्या जशाच्या तशा शिल्लक होत्या.

तिनं रेश्माचा दंड धरला आणि तिला ओढत परसातल्या नळाखाली नेलं. पाणी सोडलं, बराच वेळ सोडून ठेवलं. निळ्या डागांखाली बोटांवरची कातडी लाल होऊन सुरकुतली होती आणि करंगळीच्या बाजूनं सोलवटायला लागली होती.

"दुखतंय का?"

"न्हाय मॅडम. म्हंजी देवानं..."

"देव नाही त्यात. दुखत नाही, हाच तुझा आजार आहे. या पाण्यानं तुझा हात जाळलाय आणि तुला कळलं नाही."

रेश्मा हाताकडं बघत राहिली. चांगुणाबाई धावत मागोमाग आल्या होत्या. "हळू बोला मॅडम," त्या कळवळून म्हणाल्या. "पाया पडते, त्या रोगाचं नाव काडू नगा. लग्नाची दोन ठिकानं मोडली हिची. कुनाला कळलं तर पोर जल्माची घरात बसंल की."

उत्कर्षाला त्यांची दया आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम. औषध घेतलं तर हा रोग बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागायचाही थांबतो. औषध नाही घेतलं तर बोटं आखडतात, झडतात. ही बाई नाव लपवायला पोरीचा हात द्यायला निघाली होती. आणि त्या हातावर पोट होतं.

ती रेश्माला घेऊन चौकात परत आली तेव्हा महाराज पुढच्या माणसाला कापड देत होते. तिला बघून हसले. शिकलेल्या दिसता बाई, म्हणाले, शिकलेल्याच्या डोळ्यांवर पडदा असतो.

"पडद्याचं नंतर बघू," उत्कर्षा म्हणाली. "आधी कापड बघू."

तिनं बजाबाईंच्या हातातलं पांढरं फडकं मागून घेतलं. महाराजांनी दिलेलं निळं कापड रेश्माच्या हातात होतंच. दोन्ही साध्या पाण्यात पुन्हा धुतली, पिळली आणि रेश्माला डोळे मिटायला सांगितलं. आधी उजव्या हातात दोन्ही दिली.

"काय वाटतंय?"

रेश्मानं बोटं चोळली. बराच वेळ चोळली. ज्या पोरीला कारखान्यात गठ्ठ्यातलं कमी प्रतीचं सूत बोटांनी ओळखता यायचं, तिचा चेहरा कसनुसा झाला. "काय कळंना मॅडम," ती म्हणाली.

"आता डाव्या हातात घे."

या वेळी तिला क्षणही लागला नाही. तिनं डोळे उघडले. "ह्ये सुती हाय. आनि आजीचं ह्ये पॉलिस्टर हाय."

उत्कर्षानं दोन्ही कापडांचा एकेक धागा ओढला आणि पिंडीपुढच्या समईवर धरला. निळ्याचा धागा जरा चुरचुरला, मग कागदासारखा भुरुभुरु जळून राख झाला. पांढऱ्याचा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी धरून बसला. समोरची निम्मी माणसं सोलापूरची होती, मागावर, शिलाईत, प्रोसेसिंगमध्ये घाम गाळणारी. दुकानदारानं सुती म्हणून भेसळ खपवली तर हीच माणसं काडी ओढून दुकानातच धागा जाळायची. पण इथं महाराजांनी कापड हातात दिलं की ते कपाळाला लागायचं, बोटात चोळून कुणी बघायचं नाही. देवाच्या घरात कापडाची पारख करायची असते, हे सूतगिरणीच्या गावातल्या माणसांनाही सुचलं नव्हतं. उत्कर्षाला राग महाराजांचा आला होता, त्याहून जास्त याचा आला.

"पॉलिस्टरवर नीळ धरत नाही," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला सांगायचं? ज्याचं कापड सुती, तो पुण्यवान. ज्याचं पॉलिस्टर, त्याच्या घरात पाप. आणि कुणाला कुठलं द्यायचं ते ठरवतो हा. मघापासून बघतेय, ऐकतेय, पहिल्या खेपेला पॉलिस्टर. गोळ्या सोडल्या, चार माणसं नादी लावून आणली, मला आणलं तशी, की सुती. बजाबाई, तुमच्या सुनेचा काही दोष नाही. उठा."

कंपनीच्या शर्टातला तो धिप्पाड माणूस महाराजांच्या गादीपाशी गेला आणि त्यानं गादीखाली हात घातला. दोन गठ्ठे निघाले. त्यानं दोन्हींतलं एकेक कापड चिमटीत धरून बघितलं, एक गठ्ठा सुती, एक पॉलिस्टर, आणि दोन्ही गठ्ठे लोकांपुढं टाकले.

"आणि निळं कसं हुतं?" मागून एकानं विचारलं. आवाजात अजून आशा होती.

उत्कर्षानं पाण्याची रिकामी बाटली घेतली. काठावरच्या मोठ्या पळीनं कुंडातलं पाणी त्यात काठोकाठ भरलं, वर फेससुद्धा राहू दिला नाही, आणि झाकण घट्ट लावलं. बाटली माणसांतून फिरली. पाणी पिवळं होतं आणि पिवळंच राहिलं. महाराज, आता म्हणा तुमचं स्तोत्र, ती म्हणाली, बाटलीतलं निळं करून दाखवा. महाराज म्हणाले, ही देवाची थट्टा आहे. त्यांचा आवाज थोडा चढला होता.

मग तिनं झाकण काढलं आणि सगळं पाणी महाराजांच्या गादीवरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर ओतलं. चादर सुती होती. डाग आधी पिवळा पडला, मग हिरवा झाला, मग निळा. कुणी मंत्र म्हटला नाही. कुणी उपास धरला नाही.

"गादीला कसला आजार होता?" ती म्हणाली. "नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस नावाची पावडर घातली की विरघळते, आणि तेव्हा ती पिवळी दिसते. हवा लागली की परत निळी. डाइंगमध्ये रोज होतं हे. माझे वडील तेच करत होते, त्यांना कुणी महाराज म्हटलं नाही. हाताला झोंबतं तो कॉस्टिक. बुळबुळीत लागतं ते तूप नाही, तुमच्याच कातडीचं तेल विरघळतंय."

पिंडीमागं पडदा होता. धिप्पाड माणसानंच तो सारला. मागं हायड्रोसचा डबा, कॉस्टिकचं पोतं, निळीची पाकिटं आणि पाणी कोमट ठेवायला शेगडी. हा हरिदास आधी एका डाइंगमध्ये भांडी घासायचा, हे नवनाथच नंतर सांगून मोकळा झाला. तोवर माईक खाली ठेवून तो भिंतीला लागून उभा होता.

असं वाटेल, की एवढं झाल्यावर माणसं बुवावर तुटून पडली असतील. तसं झालं नाही. काही जण शिव्या देत होते हे खरं, पण बरेच नुसते उभे होते, ठेच लागल्यासारखे. एक बाई उलट उत्कर्षाच्या अंगावर आली. आमाला बरं वाटत हुतं की, तुमचं काय जात हुतं, असं तिचं म्हणणं. हरिदासनं हे लगेच उचललं. बघा, म्हणाला, श्रद्धेत आग लावाया आली ही. चार डोकी हलली. त्याला पुन्हा पाय ठेवायला जागा मिळत होती.

चांगुणाबाई रेश्माला दाराकडं ओढत होत्या. इथून निघायचं, गाडीत बसायचं, गल्लीत काही सांगायचं नाही. रेश्मा दोन पावलं गेली आणि तिनं आईचा हात सोडवून घेतला. ती परत कुंडापाशी आली. भाजलेला हात तिनं सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला.

"मला कुष्ठरोग हाय," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं हुतं, गोळ्या संपव, बरा हुतो म्हनून. आमी लाजंखातर हितं आलो. ह्यानं गोळ्या बंद कराया लावल्या. आता माजी बोटं परत येतील का न्हाय ठाव न्हाय. मला जाळ लागत न्हवता म्हनून तुमी माज्या पाया पडलाव. टोपलीत तुमच्याबी गोळ्या हायत. ज्याच्या त्यानं काडून घ्या."

चांगुणाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

रेश्मा वाकली, डाव्या हातानं टोपलीतली पाकिटं चाळून आपलं आणखी एखादं पाकीट राहिलंय का बघायला लागली. थोड्या वेळानं बजाबाई उठल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलाच्या झटक्यांच्या गोळ्या मागच्या खेपेला त्यांनी याच टोपलीत टाकल्या होत्या, तांबडी रेघ असलेलं पाकीट, एवढंच त्यांना आठवत होतं. रेश्मानं त्यांना ते शोधून दिलं. मग ओढणीनं तोंड झाकलेली बाई आली. मग सुजलेल्या पायांचे गृहस्थ. अंगावर आलेली ती बाईसुद्धा शेवटी आली आणि कुणाकडं न बघता आपलं पाकीट घेऊन गेली. उत्कर्षा एकेक नाव वाचून सांगत होती आणि प्रत्येकाला बजावत होती, मध्ये खंड पडलाय, आपल्या मनानं सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या दिवशीच तिनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. हरिदासला धरून नेलं. तो सुटेल, दुसऱ्या गावात दुसरी चूळ विकेल, याची तिला जवळजवळ खात्री आहे, आणि तिचा राग अजून उतरलेला नाही.

रेश्माची औषधं पुन्हा सुरू झाली. हाताची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, रोग जाईल, पण उजव्या करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटाची संवेदना परत येईलच असं नाही. दोन महिने आधी आली असती तर खात्रीनं सांगता आलं असतं. ती आता डाव्या हातानं कापड तपासायला शिकते आहे. गल्लीत सगळ्यांना कळलंय. काही घरांनी येणंजाणं तोडलं, बहुतेकांनी नाही. चांगुणाबाई स्वतः तिला दर महिन्याला दवाखान्यात घेऊन जातात, आणि कुठं चाललात असं कुणी विचारलं तर, गाव बघायला, असं आता सांगत नाहीत.

ते जुनं घर अजून उभं आहे. बघायला जरूर जा. गढी बघा, बारव बघा, खाली उतरून बघा. जिथं जाल तिथं, इथं कुठला देव प्रसन्न झाला हे विचारण्याआधी, इथं कोण राहत होतं आणि काय काम करत होतं, एवढं विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तेच हात वापरा: कापड चोळून बघा, पाण्याचा वास घ्या, कसं होतं ते विचारा. खऱ्या गोष्टीला प्रश्न विचारला तर ती मोडत नाही. आणि जो कुणी तुमच्या गोळ्या टाकायला टोपली पुढं करेल, तो देवाचा माणूस नाही. त्याच्यापुढून उठा आणि थेट दवाखान्यात जा.